व्हीआरचा चष्मा लावला म्हणून कानातला खडा हलत नाही

गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवरची मंडळी असोत की सिडकोतले ज्येष्ठ नागरिक, नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: कानामुळे येणारी चक्कर घरबसल्या बरी होते. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आभासी जग दाखवणारा चष्मा) लावा, रोज दहा मिनिटं गेम खेळा, 21 दिवसांत तोल कायमचा ठीक. मध्येच गरगरलं तर समजा, गुण येतोय. गोळ्या, व्यायाम, तपासण्या, डॉक्टर काही नको. परदेशात सिद्ध झालंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल बिघडलेल्यांचे व्यायाम घेते. व्हीआरशी माझं वैर नाही, पण या मेसेजने भलत्याच लोकांना भलतं औषध सांगितलंय.

'कानामुळे येणारी चक्कर' हा काही एकच आजार नाही. कूस बदलली किंवा दोरीवर कपडे घालायला मान वर केली की खोली फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असं होतं. हे ओळखायची डिक्स-हॉलपाइक चाचणी साध्या कॉटवर पाच मिनिटांत होते. खडे मागच्या नळीत असतील, आणि बहुतेकदा तिथेच असतात, तर एप्लीच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बाहेर काढतात. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. गेममधलं चित्र कितीही खरं वाटो, नळीतला खडा त्याने बाहेर येत नाही. (आपल्याकडे यातले निम्मे पेशंट आधी 'मणक्यात गॅप' म्हणून गळ्यात पट्टा घालून फिरून आलेले असतात, ते वेगळंच दुखणं.)

मग व्हीआरचा उपयोग कुणाला? व्हायरल संसर्गानंतर एका कानाची तोल सांभाळणारी नस दुबळी झाली, तर त्यांना. डोकं उजवीकडे वळलं की डोळे तेवढेच डावीकडे वळतात, म्हणून चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. नस दुबळी झाली की हे गणित चुकतं आणि पाटी थरथरते. मेंदूला ते पुन्हा शिकवावं लागतं. त्यासाठीचे व्यायाम इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी 1940च्या दशकात बसवले. भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान हलवणं हा त्याच घराण्यातला. तसंच, काहींना हलती दृश्यं सोसत नाहीत. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात शिरलं की पाय लटपटतात. अशांना हेडसेटमध्ये आधी विरळ, मग दाट गर्दी दाखवत सवय लावता येते. इथे व्हीआर खरंच कामाचं आहे.

'परदेशात सिद्ध झालंय' म्हणजे नेमकं काय? डब्लिनमध्ये 71 पेशंटवर झालेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने घरी नेहमीचे व्यायाम केले, दुसऱ्याने टीव्हीसमोर गेमच्या फळीवर उभं राहून. गेमवाल्यांना मजा जास्त आली, पण चालण्या-तोलातल्या सुधारणेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. इटलीतल्या 2017च्या छोट्या प्रयोगात हेडसेट वापरणाऱ्यांना जास्त फायदा दिसला खरा. पण त्यांनी नेहमीचे व्यायामही केले होते, गेम त्यांच्या जोडीला होता. मेसेजने नेमकं हेच गाळलंय.

21 दिवसांच्या आकड्याला आधार नाही, रोजच्या दहा मिनिटांनाही नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या मार्गदर्शिकेत नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम दिवसातून किमान तीनदा सांगितलेत: त्रास नवा असेल तर रोज एकूण निदान 12 मिनिटं, जुना असेल तर 20.

'गरगरलं म्हणजे गुण' हे अर्धसत्य आहे. व्यायामानंतर थोडं गरगरून पंधरा-वीस मिनिटांत निवळलं तर चालतं. उलटी झाली, दिवसभर डोकं जड राहिलं, तर मात्रा जास्त झाली. हेडसेटमध्ये डोळे सांगतात 'चाललोय' आणि कान सांगतो 'बसलोय', त्यामुळे धडधाकट माणसालाही मळमळतं. शिवाय जमीन दिसत नाही. तोल गेलेल्या सत्तरीच्या आजींना एकटं उभं करून डोळे झाकायचे, यात खुब्याचं हाड मोडायची सोय आहे. वापरायचंच तर आधी खुर्चीत बसून, शेजारी कुणीतरी हवं.

गोळ्यांबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं शिकणं लांबतं. पण त्या डॉक्टरांना विचारून कमी करायच्या.

आणि डॉक्टर नको? चकरेसोबत ऐकू कमी येत असेल, कानात आवाज येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अचानक चक्कर येऊन एकाचे दोन दिसू लागले, बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा हेडसेट शोधू नका, 108ला फोन करा.