सहा महिन्यांत क्वांटम एआय म्हणे!

फॅमिली ग्रुपवर काल परत तोच मेसेज आला, 'सहा महिन्यांचा क्वांटम एआय कोर्स करा, फिजिक्स लागत नाही, सरकारने ६००० कोटी दिलेत, लाखो नोकऱ्या, पाच वर्षांत साधे कॉम्प्युटर बाद'. खाली बारावीतला भाचा विचारतोय, मामा करू का? म्हणून लिहायला बसलो.

आधी ते सहा हजार कोटी. आकडा खराय, नॅशनल क्वांटम मिशन या केंद्र सरकारच्या योजनेला एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी मंजूर झाले, पण ते २०३१ पर्यंत आठ वर्षांसाठी आणि अख्ख्या देशाला मिळून. म्हणजे वर्षाला साधारण साडेसातशे कोटी, त्यातच महागडी मशिनरी पण आली. यातून लाखो पगार कसे निघतात ते फॉरवर्डवाल्यानेच मांडून दाखवावं.

कॉम्प्युटर बाद? अहो ह्याच मिशनचं टार्गेट आठ वर्षांत ५० ते १००० फिजिकल क्युबिट (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) एवढंच आहे. पुण्याची डीआरडीओची लॅब, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि टीसीएस यांनी मिळून २०२४ ला जो प्रोसेसर टेस्ट केला तो ६ क्युबिटचा. हसू नका, ते सहा जमवणं पण भयंकर काम आहे, पण त्यावर कोणी एक्सेल चालवणार नाहीये, ते त्यासाठी नाहीच.

आणि 'फिजिक्स लागत नाही' हा तर कहर. माझा एक मित्र अशाच क्वांटम लॅबमध्ये पीएचडी करतोय. क्वांटम कॉम्प्युटरच्या फोटोत ते सोनेरी झुंबर दिसतं ना, तो फ्रिज असतो, आत एका केल्विनचा शंभरावा भाग वगैरे तापमान, म्हणजे जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअस, थंड व्हायलाच दोन-दोन दिवस, आणि आत एक कनेक्टर जरी ढिला निघाला की सगळं परत गरम करा, उघडा, पाना फिरवा, बंद करा, परत दोन दिवस थांबा. म्हणतो अर्धी पीएचडी पान्यातच गेली. तिथे फिजिक्सवाला लागतो तसा मायक्रोवेव्ह, व्हॅक्यूम कळणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला पण लागतो, ही खरी बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही. स्टायपेंड? नेटची परीक्षा काढून जेआरएफ (सरकारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर एचआरए. वाईट नाही, पण मेसेजमधल्यासारखं पॅकेज पण नाही.

'क्वांटम एआय' असा एकच विषय पण नसतो बाबा. आजचं एआय जीपीयूवर, म्हणजे साध्या कॉम्प्युटरच्याच ग्राफिक्स चिपवर चालतं, क्युबिटवर नाही, आणि रिसर्चची पोस्ट हवी तर तुझे पेपर आणि कोड बघतात, सर्टिफिकेट कोण बघतंय.

क्वांटम आणि एआय दोन्हीकडे कॉमन काय असेल तर लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिसेसचं गणित. क्विसकिट हे क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथन येत असेल तर सुट्टीत खेळून बघ. पण त्याआधी तुझ्या गणिताच्या पुस्तकातला मॅट्रिसेसचा धडा, जो तू ऑप्शनला टाकलायस असं तुझी आई सांगत होती, तो काढ.