‘ऐंशीनंतर बीपीची गोळी बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘ऐंशीनंतर शंभरीपर्यंत कसं जगावं’ असं शीर्षक, कुठल्याशा जपानी संशोधनाचा हवाला आणि शेवटी ‘आपल्या प्रत्येक ज्येष्ठाला पाठवा’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. वयाबरोबर रक्तदाब वाढणं नैसर्गिक आहे, वय अधिक शंभर इतका वरचा आकडा चालतो, तेव्हा ऐंशीनंतर बीपीच्या गोळ्या बंद करा. गुडघे झिजतात, म्हणून चालणं आणि जिने कमी करा. डॉक्टर म्हाताऱ्यांना विनाकारण गोळ्यांवर गोळ्या देतात. विसरणं वयाचंच असतं, त्यासाठी तपासण्या नकोत. आणि हे सगळं आपल्यापासून लपवलं जातं, कारण संशोधन औषधकंपन्यांच्या खिशात आहे. ते म्हाताऱ्या माणसांवर झालेलंच नाही आणि झालं तर त्यांना गिनिपिग करून.

असे मेसेज मी एरवी वाचत नाही. हा वाचावा लागला, कारण सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याने तो वाचून बीपीची गोळी सोडली. कुणाला सांगितलं नाही. डोकं जड झालंय म्हणाली म्हणून आतेभावाने घरच्या मशीनवर दाब पाहिला, तर वरचा आकडा १९० च्या पुढे. ‘अगं, आमच्या ग्रुपवर बऱ्याच जणींनी बंद केल्यात,’ हे तिचं उत्तर. मी डॉक्टर नाही, पण मूळ शोधनिबंध वाचता येण्याइतकं शिकले आहे. ते वाचल्यावर गप्प बसवत नाही.

आधी बीपी. बाकीचे मुद्दे बहुतेक चुकीचे आहेत, हा जीवघेणा आहे.

वयाबरोबर दाब वाढतो हे खरं. महाधमनी आणि मोठ्या रक्तवाहिन्या वयानुसार ताठ होतात, हृदयातून येणाऱ्या रक्ताचा धक्का त्यांना पूर्वीसारखा सामावून घेता येत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. खालचा पुष्कळदा उतरतोही. पण जे बहुतेकांना होतं ते निरुपद्रवी असतं, हे कुणी ठरवलं? मोतीबिंदूही वयानेच होतो, म्हणून कुणी आंधळेपण पत्करून घरी बसत नाही.

‘वय अधिक शंभर’ हा हिशोब जपानीही नाही आणि नवाही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच डॉक्टर असंच मानत, की ताठ झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे जायचं तर दाब वाढायलाच हवा. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००/१९० नोंदला गेला. वय फक्त ६३. त्या काळी दाब उतरवणारी धड औषधंच नव्हती. आज ती कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत असताना आपण आपल्या माणसांना त्या काळात परत ढकलतोय.

बरं, साठीचं ठीक, पण ऐंशीपुढच्यांचं काय? हा प्रश्न मात्र रास्त होता. २००८ पर्यंत त्याचं ठाम उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं. आधीच्या छोट्या अभ्यासांतून अशी शंका पुढे आली होती, की या वयात दाब उतरवल्याने पक्षाघात कमी होतो खरा, पण मृत्यू कदाचित वाढतात. ही शंका कुणी लपवली नाही. तिचा निकाल लावण्यासाठीच ‘हायव्हेट’ नावाची चाचणी झाली. १३ देशांतले ३,८४५ लोक, सगळे ८० किंवा त्यापुढचे, वरचा दाब १६० किंवा अधिक. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरज पडल्यास जोडीला पेरिंडोप्रिल. उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण औषध न मिळालेल्या गटात जास्त माणसं जात होती. औषधाच्या गटात १९६ मृत्यू, दुसऱ्या गटात २३५. सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी, पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचं ३९ टक्क्यांनी कमी, हृदय निकामी होण्याचं ६४ टक्क्यांनी कमी. एकूण पक्षाघात ३० टक्क्यांनी घटले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो आकडा अगदी सीमेवर राहिला, म्हणजे तो निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, तेही सांगते. आणि हा सगळा फरक दोन वर्षांच्या आत दिसला. म्हणजे ‘आता या वयात गोळीचा उपयोग व्हायला वेळच कुठे उरलाय’ हे म्हणणंही टिकत नाही.

साइड इफेक्टची भीती मेसेजने ठळक अक्षरांत घातली आहे. हायव्हेटमध्ये गंभीर त्रासाच्या घटना औषधाच्या गटात ३५८ होत्या आणि औषध नसलेल्या गटात ४४८. औषध न मिळालेल्यांनाच जास्त त्रास झाला!

आता या चाचणीची मर्यादा. अंथरुणाला खिळलेले, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले, उभं राहिल्यावर दाब १४० च्या खाली जाणारे लोक तिच्यात घेतलेच नव्हते. आणि लक्ष्य होतं १५०/८०, १२० नव्हे. त्यामुळे अतिशय अशक्त, उठताना भेलकांडणाऱ्या माणसाचा दाब किती उतरवायचा, हा निर्णय खरोखर नाजूक आहे आणि काही वेळा डॉक्टर स्वतःच डोस कमी करतात. १२०/८० चा सरसकट हट्ट नको, इतकंच जर मेसेजने म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण तो म्हणतो ‘बंद करा’. काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, एकदम थांबवल्या तर नाडी आणि दाब दोन्ही उसळी मारतात. याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. पाच मिनिटं शांत बसून दाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्तने उतरला, तर ते लिहून डॉक्टरांना दाखवायचं. गोळीची वेळ, मात्रा किंवा गोळीच बदलावी लागेल. ते त्यांनी ठरवायचं, ग्रुप ॲडमिनने नव्हे.

गुडघ्यांचा मुद्दाही मनस्ताप देणारा आहे, कारण तळजाई आणि पर्वतीच्या टेकड्यांवर रोज जाणारी माणसं या एका वाक्याने घरात बसतील. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात सरासरी नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनं लावून व्यायाम करून घेतला गेला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहाच माणसं, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला नको. पण २०१४ मध्ये अमेरिकेत ‘लाइफ’ नावाच्या अभ्यासात ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक होते, बैठ्या सवयीचे आणि हालचाल आधीच मंदावलेले. एका गटाला चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. सुमारे अडीच वर्षांनी, ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्याख्यानवाल्यांपैकी ३५.५ टक्के लोकांवर आली, व्यायामवाल्यांपैकी ३०.१ टक्के लोकांवर. चारशे मीटर म्हणजे भाजी आणायला जाऊन यायचं अंतर. तेवढं चाललं नाही की माणूस दुसऱ्यावर अवलंबून होतो. गुडघा खरंच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा, चढ टाळून सपाटीवर चाला, खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. बसून राहिलात तर मांडीचे स्नायू जातात आणि मग गुडघ्यावर आणखी भार येतो.

गोळ्यांवर गोळ्या देतात, या तक्रारीत तथ्य आहे. आवडत नसलं तरी कबूल करते. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, एकानेही दुसऱ्याची न पाहिलेली, आणि वरून झोपेची गोळी: असे डबे मी नात्यात पाहिले आहेत. पण कुठली गोळी नको, हेही संशोधनानेच सांगितलंय. ‘ॲस्प्री’ या चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली. हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेले, बहुतेक सत्तरीपुढचे लोक. २०१८ मध्ये निकाल आला: धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. तेव्हा ‘हार्टसाठी चांगली’ म्हणून कुणी आपल्या मनाने ॲस्पिरिन घेत असेल तर जरूर विचारा. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यांना हा निकाल लागू नाही. त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना, कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू करावी का यावरही तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीबद्दल ‘ही अजून लागते का’ असं विचारावं.

विसरण्याबद्दल थोडक्यात. ‘तपासण्या नकोत’ हा सल्ला पुण्यात तर फारच वाईट आहे. बी१२ ची कमतरता आणि थायरॉइडची मंदी यांनीही विस्मरण होतं आणि दोन्हींवर स्वस्तात उपचार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये शहर, झोपडपट्टी आणि खेड्यातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांशांत बी१२ कमी निघालं. ते मध्यमवयीन होते. पण शाकाहारी घरातली आजी त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत असेल असं मानायला काही आधार नाही. फिनलंडच्या ‘फिंगर’ अभ्यासात १,२६० लोकांपैकी निम्म्यांवर आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि बीपी-साखरेवर लक्ष असा दोन वर्षांचा एकत्र प्रयोग झाला. बौद्धिक चाचण्यांत, फक्त सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा थोडा, पण स्पष्ट फरक पडला. चमत्कार नव्हे. आणि ऐकू कमी येणं हा डिमेन्शियाचा एक टाळता येण्याजोगा धोका म्हणून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने नोंदवलाय, तेव्हा कपाटात पडलेलं श्रवणयंत्र बाहेर काढा.

‘लोकांत मिसळा, एकटे राहू नका’ हीही एक ओळ मेसेजच्या तळाशी आहे. बरोबर आहे, पुढे जाऊ.

राहिला संशोधनावरचा संशय. पूर्वी चाचण्यांतून वयस्कर माणसांना सर्रास वगळलं जायचं, हे खरंच आहे आणि अजूनही ते पूर्ण थांबलेलं नाही. पण त्यावर उपाय म्हणूनच वर सांगितलेल्या चाचण्या झाल्या. कंपन्यांचा पैसा? हायव्हेटला सेर्व्हिए या औषधकंपनीचा पैसा होता, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचाही होता. लाइफचा खर्च अमेरिकेच्या सरकारी वार्धक्य संस्थेने उचलला, आणि चालण्याचं तर कुणी पेटंटही घेत नाही. आपल्याकडेही काम झालंय. केईएमच्या वढू इथल्या केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या वार्धक्यावरच्या उपक्रमात भाग घेऊन पुणे जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रीपुरुषांना हालचाल, दुखणं, झोप, स्मरण आणि एकूण समाधान यांबद्दल घरोघर जाऊन विचारलं. त्यात कुणाला गोळी दिली नाही की सुई टोचून औषध घातलं नाही.

गिनिपिगबद्दल बोलायचं तर, भारतात झालेल्या जुन्या काही चाचण्यांवरून लोकांच्या मनात राग आहे आणि तो मला कळतो. त्यामुळेच नियम कडक झाले. जून २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद सरकारी सीटीआरआय नोंदवहीत करावी लागते आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि समजावून घेतलेली लेखी संमती लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर नुकसानभरपाई मिळते. तुमच्या आईवडिलांना कुणी अशा अभ्यासात यायला सांगितलं, तर संमतीपत्र मराठीत मागा, सही तिथल्या तिथे न करता घरी आणा, नोंदणी क्रमांक तपासा आणि फॅमिली डॉक्टरांना दाखवा. मधेच बाहेर पडावंसं वाटलं तर कारण न सांगताही पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार कुणालाही अडवता येत नाहीत.