वायफायची पाणीपाळी

दिवाळीला आठ दिवस राहिले होते अन् पुण्याहून पोरीचा फोन आला. म्हणली, पप्पा, दिवाळीनंतर अजून आठ दिवस घरून काम करायला मिळतंय, पण घरी नेट पाहिजे, मोबाईलचं नाही, खरंखुरं.

आता आमच्या घरी नेट नव्हतं असं नाही. गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, तोंड उत्तरेला करून बसलं की दोन काड्या येतात मोबाईलला. मी झेडपीचा मास्तर, शाळेची निम्मी ऑनलाइन माहिती मी त्याच कठड्यावर बसून भरलीय, थंडीत मफलर गुंडाळून, रात्री अकरा अकरा वाजेस्तोवर. रस्त्यानं जाणारे खालून विचारायचे, "सर, वर काय करायलाव?" मी म्हणायचो, पटसंख्या. पण पोरीला कठड्यावर बसून मीटिंग करा म्हणणं बरं दिसंना, म्हणून मग गावातल्या केबलवाल्याला फोन केला. पूर्वी तो टीव्हीची केबल द्यायचा, आता त्याच खांबांवरून फायबर देतो.

दुसऱ्या दिवशी एक पोरगं वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून दारात उभं. "सर, वळखलं का?" ओळखलं. चौथीत माझ्याच वर्गात होतं. सतराचा पाढा आला नाही म्हणून मी त्याला किती वेळा उभं केलं असेल त्याचा हिशोब नाही, आणि आता माझं सगळं घर त्याच्या हातात.

इथं आमच्या अण्णांची ओळख करून द्यावी लागेल, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी जायकवाडीचं लोकार्पण केलं तेव्हा अण्णा नोकरीला नवे होते, आणि त्यानंतरची उभी हयात डाव्या कालव्यावर गेली. डावा कालवा २०८ किलोमीटर आहे हे आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी कळतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, हेडची म्हणजे कालव्याच्या तोंडाची आणि टेलची म्हणजे शेवटाची. हेडचा माणूस पाणी उधळतो आणि टेलचा बांधावर बसून वाट बघतो. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे, धरणापासून लांब, म्हणजे आमचं मत कुठल्या बाजूला ते सांगायला नको.

तर पोरगं प्लॅन सांगू लागलं, शंभर एमबीपीएस, अनलिमिटेड. अण्णा बाजेवरून उठून बसले.

"शंभर म्हणजे क्युसेक का क्युमेक?"

पोरगं माझ्याकडं बघू लागलं. कालव्याचं पाणी सेकंदाला घनफुटात मोजलं की क्युसेक, घनमीटरमध्ये मोजलं की क्युमेक. आता खरं सांगायचं तर अण्णांचा प्रश्न बरोबर होता, फक्त खातं चुकलं होतं. कारण ते शंभर असतात मेगाबिट, आणि आपण फाईल मोजतो मेगाबाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणजे शंभरचे सेकंदाला साडेबाराच पडतात. मी हे समजावून सांगितल्यावर अण्णा म्हणले, "म्हणजे कागदावर शंभर अन् शेतात साडेबारा. चालू द्या."

पोरानं मग खांबावरून वायर घरात घेतली आणि ओसरीवर फडकं अंथरून एक छोटी पेटी उघडली. हे मात्र बघण्यासारखं असतं. काळ्या वायरीचं साल काढलं, आतून केसासारखी काच निघाली, खरोखर केसासारखी, उजेडात धरली तरच दिसती. ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, एका चिमट्यात धरून टकदिशी कापली, आणि मशिनीत दोन टोकं समोरासमोर ठेवली. मशिनीच्या बारक्या पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन दिसायला लागली, जवळ आली, मधे एक निळसर ठिणगी, की झालं, काचेला काच चिकटली. मी सवयीनं खाली पडलेला तुकडा उचलायला वाकलो तर पोरगं ओरडलं, "सर! हात लावू नका! बोटात घुसला तर दिसत बी नाही अन् निघत बी नाही!" मी मुकाट्यानं मागं सरकलो. मग मी वायर नीट दिसावी म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू लागलो तर पुन्हा, "सर, असं मुडपू नका, आतला उजेड बाहेर सांडतो." अण्णांना हे पटलं नाही. पाइपाला एल्बो बसवला म्हणून पाणी सांडतं का, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी वायरीतून उजेड किती पोचतोय ते मोजायला त्यानं एक मीटर लावला आणि म्हणला, उणे एकोणीस, एक नंबर आलंय. अण्णांचा चेहरा उतरला. जायकवाडीचा साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला की पेपरात उणे आकडे येतात, ते वाचून आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं हसत नाही. "सुरुवातीलाच उणे?" अण्णा म्हणले. पोरानं सांगितलं, "बाबा, हेच्यात उणेच असतंय. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की मंग टेन्शन." अण्णांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले आणि पहिली नोंद केली, उणे १९.

पोरानं स्वतःच्या लॅपटॉपवर नेट चालवून दाखवलं आणि गेलं. राउटर मी लावतो म्हणलं होतं. ही माझी चूक. पुतण्यानं संभाजीनगरहून त्याचा जुना राउटर दिला होता, म्हणलं कशाला उगी नवीन घ्यायचा, त्याला काय, वायर खुपसायची अन् पासवर्ड टाकायचा.

राउटरच्या पोटाला एक स्टिकर असतो. त्यावर सगळं ज्ञान लिहिलेलं असतं, पण ते मुंगीसाठी लिहिलेलं असतं. अण्णांचं पंचांगाचं भिंग घेऊन मी पत्ता वाचला, १९२.१६८.१.१, आणि अर्धा तास तो टाकत बसलो, पान उघडंना. बायकोनं येऊन चष्मा लावून वाचलं, "अहो, तिसरा आकडा शून्य आहे, हळद लागलीय त्याच्यावर." हळद कुठून लागली विचारू नका. पान उघडलं तर पासवर्ड मागायला लागलं, तो पुतण्याला आठवंना. मग रिसेट. मागं एक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरायचं. बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, पदराची सेफ्टी पिन काढून दिली, मी दाबून धरली, अण्णांनी घड्याळ बघून दहा मोजले, सगळे लाइट एकदम लागले आणि गेले. बाई म्हणली, "मारलास का रे त्याला?"

नाही मेला. पण चालू पण होईना. युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, कनेक्टिंग, कनेक्टिंग, फेल. पुन्हा. फेल. रात्री साडेनवाला पोराला फोन लावला. ते म्हणलं, "सर, मॅक बांधला गेलाय." म्हणजे काय तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर असतो, लाइन पहिल्यांदा ज्या यंत्रावर चालली त्याच्या नावानं तिकडं नोंद होती, मग दुसरं यंत्र लावलं की तिकडून दारच उघडत नाही. आणि पहिलं यंत्र होतं त्या पोराचा लॅपटॉप. मी डोक्याला हात लावला. अण्णांना मात्र दोन वाक्यात समजलं. "म्हणजे आपली पाळी दुसऱ्याच्या नावावर लागली. फेर घ्यायला सांग." सकाळी फेर झाला आणि राउटरचा दिवा हिरवा लागला, बाईनं हातावर साखर ठेवली सगळ्यांच्या.

तर बैठकीत नेट आलं. अण्णांनी मोबाईलवर स्पीड मोजायचं शिकून घेतलं आणि तिथून आमच्या घराचे वाईट दिवस सुरू झाले. रजिस्टर घेऊन ते खोलीखोलीत उभे राहायचे. बैठक, चौऱ्याण्णव. ओसरी, एकसष्ट. स्वयंपाकघर, बारा. मागची खोली, शून्य पूर्णांक आठ. आणि पोरगी राहणार मागच्या खोलीत, कारण बैठकीत टीव्ही अन् अण्णा दोघंही मोठ्यानं चालतात.

मागच्या खोलीची गोष्ट अशी की आमचं घर मूळचं माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचं. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तिथं दगडमातीच्या भिंती अन् डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याखाली माणसं गेली, त्यानंतर सगळ्या मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली. अण्णांनी पुढच्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकला. मागची खोली पुढच्या वर्षी करू म्हणले, ते पुढचं वर्ष अजून यायचंय. त्या खोलीची भिंत अडीच फुटाची, दगड आणि पांढरीची माती, आणि भिंतीला लागून ज्वारीची पत्र्याची कोठी. मे महिन्यात ऊन आत येत नाही तिथं वायफाय कुठून येणार.

राउटरमध्ये म्हणे दोन लाटा असतात, पाचवाली आणि दोन पूर्णांक चारवाली. पाचवाली शंकरपटाचा खोंड आहे, मोकळ्यात वाऱ्यासारखी पळती पण भिंत दिसली की बसकण मारती. दोन पूर्णांक चारवाली नांगराचा बैल, हळू पण ढेकळातून जाती. आमच्या भिंतीपुढं दोघांनीही मान टाकली. मी राउटर कपाटावर ठेवला, फ्रिजवर ठेवला, खुंटीला पिशवीत टांगला. बायको मोबाईल घेऊन मागं उभी, मी पुढून ओरडायचो "आलं का?", ती मागून "गेलं!". कोठी सरकवली, तर तिच्यामागं २०१९ साली हरवलेला माझा शाळेचा शिक्का सापडला, स्पीड दोनवर गेला. त्या शिक्क्यासाठी मी तेव्हा लेखी खुलासा दिला होता, असो.

त्यात तिसऱ्या दिवशी अण्णांनी बैठकीत मोजलं तर चाळीस. रात्री बावीस. अण्णा गप्प बसले, कंदील शोधावा तसा चष्मा शोधला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बघितलं तर गल्लीतली सहा पोरं भिंतीला टेकून मोबाईल खेळायलीत. "अनधिकृत उपसा!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की त्यातलं एक पोरगं नालीत पडलं. चौकशी केली तर पासवर्ड बाईनं दिलेला. शेजारणीला हरिपाठ ऐकायचा होता, तिनं नातवाला सांगितला, नातवानं गल्लीला. अण्णा म्हणले पंचनामा करतो. बाई म्हणली, "नळाला दहा दिवसाला पाणी येतं तेव्हा तिच्याच घरून दोन हंडे आणते मी, तेव्हा कुठं गेला होता तुमचा पंचनामा?" पासवर्ड बदलला. शेजारणीला नवीन पासवर्ड त्याच संध्याकाळी गेला, हे अण्णांना अजून माहीत नाही.

मग अण्णांनीच तोड काढली. टेलला पाणी पोचत नसेल तर झिरपायची वाट बघायची नाही, सरळ चारी काढायची. म्हणजे पुढच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वायर आणि तिथं दुसरा राउटर. भिंतीला भोक पाडायला ड्रिलवाला आणला, त्याची सगळ्यात लांब सळी सव्वा फुटाची, तो भिंत बघून हसला आणि चहा पिऊन गेला. शेवटी वायर गच्चीवरून नेली आणि माळवदाला चुलीचा धूर जायला जे जुनं भोक होतं, त्यातून आत सोडली. पन्नास वर्षं धूर बाहेर गेला त्या भोकातून, आता नेट आत.

वायरीला टोक बसवायला तेच पोरगं आलं. आत आठ बारक्या तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमानंच लावाव्या लागतात. ते दातात पकड धरून पुटपुटत होतं, "पांढरानारंगी नारंगी, पांढराहिरवा निळा, पांढरानिळा हिरवा, पांढराचॉकलेटी चॉकलेटी," एका दमात, न चुकता. मी म्हणलं, बाळा, सतराचा येतो का आता? ते म्हणलं, "नाही सर. त्याचं काय काम पडलं नाही." दुसऱ्या राउटरमध्ये त्यानं काहीतरी बंद केलं, म्हणला दोन्ही राउटर यंत्रांना नेटचे पत्ते वाटू लागले तर घोळ होतो. अण्णांनी मान डोलावली. एका कालव्यावर दोन शाखाधिकारी, त्यांनी भोगलेलं आहे.

मागची खोली, एकोणनव्वद. अण्णांनी तो आकडा लाल शाईनं लिहिला. नोकरीत उभ्या जन्मात टेलला एवढं पाणी पोचवलं नव्हतं म्हणले, आणि थोडा वेळ रजिस्टर मिटून नुसते बसून राहिले.

पोरगी आली, दिवाळी झाली, चिवडा संपत आला आणि सोमवारी तिचं काम सुरू झालं. मागच्या खोलीत कोठीवर लॅपटॉप, दारावर पडदा, बाईला खोकायची मनाई. अकरा वाजता मोठी मीटिंग. सव्वाअकराला आतून आवाज आला, "पप्पा, नेट गेलं!"

फायबरच्या डब्यावर लाल दिवा उघडझाप करायलेला. अण्णा धोतर सावरत रस्त्यावर गेले आणि पाच मिनिटांत परत आले. साखर कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉल्या डोक्यावरून चार हात वर रचून चालल्यात, त्यातल्या एकीनं खांबावरची वायर ओढत पार चौकापर्यंत नेली होती. "मुख्य कालवाच फुटलाय," अण्णा म्हणले. पोराला फोन लावला, त्याच्यामागं कुणीतरी भांडत होतं, "सर, चार ठिकाणी तुटलंय, संध्याकाळ व्हईल."

पोरीनं काही न बोलता लॅपटॉप उचलला, मोबाईल घेतला, माझी मफलर मागितली आणि गच्चीवर गेली. टाकीला पाठ, तोंड उत्तरेला. खालून कुणीतरी विचारलंच, "ताई, वर काय करायलीस?"

अण्णांनी रजिस्टर उघडलं, घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं. वेळ ११.२०. हेड, निरंक. टेल, निरंक. शेरा, ऊस.