सही करू नका म्हणे

आज सकाळी आमच्या इथल्या, टेक्ससमधल्या, मराठी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय. "दवाखान्यात मुलांच्या लसनोंदणीचा फॉर्म देतात त्यावर सही करू नका, सरकार मुलांचा माग ठेवतं, ग्रीन कार्डला अडचण येते." खाली अंगठ्यांची रांग. फॉर्म वाचलाय का, असं एकानेही विचारलेलं नाही.

एक पान आहे हो तो, मुलाच्या लसींची नोंद राज्याने ठेवावी अशी आईबापांची संमती देणारा. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचं नाव, आईचं माहेरचं आडनाव. माहेरचं आडनाव कशाला? एकाच नावाची, एकाच तारखेला जन्मलेली दोन मुलं वेगळी ओळखायला. व्हिसाचा प्रकार विचारत नाहीत. आणि ग्रीन कार्डचं म्हणाल, तर त्याच्या अर्जासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीला (फॉर्म आय-६९३) गेल्यावर सिव्हिल सर्जन, म्हणजे त्या कामासाठी सरकारने नेमलेला डॉक्टर, लसींचेच दाखले मागतो. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पोलिओ, धनुर्वात, वयाप्रमाणे जे लागू असेल ते. म्हणजे ज्या नोंदीला घाबरून सही टाळायची, तीच नोंद पुढे घरभर शोधत बसायची.

डॅलसजवळच्या एका मराठी घरातली मुलगी या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत जाणार होती. टेक्ससचा नियम असा की २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची लस मागच्या ५ वर्षांत घेतलेली हवी, आणि सत्र सुरू व्हायच्या निदान १० दिवस आधी. तिने दोन डोस घेतले होते. पहिला सातवीच्या आधी, तेव्हा ती जेमतेम १२ ची. त्याचा कागद शाळेकडे होता, पण त्याला ५ वर्षं उलटून गेली. दुसरा १६ व्या वर्षीचा, जो चालला असता, तो ज्या दवाखान्यात घेतला तो बंद पडला. डॉक्टर निवृत्त झाले, फायली कुठल्यातरी साठवणुकीच्या कंपनीकडे गेल्या आणि ती कंपनी फोन उचलत नाही. राज्याच्या नोंदणीत शोधलं, तर तिचं नावच नाही. कारण कोणीही, कधीही सही केलेली नाही.

आता जरा नीट ऐका, कारण मेसेज पाठवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. टेक्ससमध्ये १८ वर्षांखालच्या मुलाला लस दिली की दवाखान्याने ३० दिवसांत ती राज्याच्या नोंदणीला, इमट्रॅक-२ ला, कळवायचीच असते. तुमची सही असो वा नसो. तिथे त्या मुलाची संमती सापडली तर नोंद राहते, नाही सापडली तर टाकून देतात. म्हणजे त्या मुलीच्या लसींची माहिती दवाखान्याबाहेर जायचीच. फक्त गरज पडली तेव्हा तिच्या हाती काही लागलं नाही. खाजगीपणा जपला म्हणून अंगठे दाखवणाऱ्यांनो, नेमकं काय जपलंत?

तिची आई मला मूर्ख वाटत नाही, हे आधीच सांगते. पुण्याहून आली तेव्हा मुलगी ४ वर्षांची. इथे जन्मलेल्या बाळाच्या वेळी जन्मदाखल्याच्या कागदांबरोबरच ही संमती विचारतात. (बाळंतिणीला! टाके ओले असताना, समोर दहा कागद. तिने काय वाचायचं?) बाहेरून आलेल्या मुलाला ती संधीच नसते, दवाखान्याच्या खिडकीवर कोणी फॉर्म पुढे केला तर केला. त्या बाईला गणपतीत भेटलेल्या एका काकांनी सांगितलं होतं, एच-४ व्हिसावर आहेस, जास्तीच्या कागदांवर सह्या करत जाऊ नकोस. तेव्हा फॉरवर्ड नव्हते, काका होते. नव्या देशात, नवऱ्याच्या व्हिसावर, तीन महिन्यांपूर्वी उतरलेल्या कोणीही तेच केलं असतं.

आणि भीती अगदीच हवेतली आहे असंही नाही, हे मान्य करावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये मेडिकेडवरच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावरच्या, लोकांची माहिती केंद्राने होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशन सांभाळणाऱ्या खात्याकडे, दिल्याचं बाहेर आलं. डिसेंबर २०२० मध्ये सीडीसीने, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने, कोविड लस घेणाऱ्यांची नावं-पत्ते मागितले तेव्हा काही राज्यांनीच कुरकूर केली होती. ठीक आहे. ते जाणून, फॉर्म वाचून, विचार करून कोणी "नाही" म्हणत असेल तर तो हक्क आहे आणि माझं काही म्हणणं नाही. पण "नाही"ला कारण हवं. अंगठा हे कारण नाही.

फॉर्म वाचलात तर भांडायला खरी जागा सापडेल. माहिती कोणाकोणाला दिसते ते त्यावरच छापलंय: सार्वजनिक आरोग्य खातं, लस देणारा डॉक्टर, मूल कायद्याने ज्याच्या ताब्यात असेल ते सरकारी खातं, मूल ज्यात आहे ती शाळा किंवा पाळणाघर, आणि विमा कंपनी. विमा कंपनी का? यावर ग्रुपमध्ये कोणी चकार शब्द काढलेला नाही. आमचा सगळा राग न छापलेल्या गोष्टींवर.

दुसरी चीड सरकारवर. संमती विचारतो म्हणून टेक्सस पाठ थोपटून घेतं. न्यू जर्सीत १ जानेवारी १९९८ पासून जन्मलेलं मूल आपोआप नोंदवलं जातं, नको असेल तर आईबापांनी लेखी कळवायचं. न्यूयॉर्कमध्ये १९ वर्षांखालच्या मुलांसाठी विचारतच नाहीत, त्यापुढे मात्र संमती लागते. टेक्ससचं तत्त्व त्याहून चांगलं, हे मीही म्हणते. पण आईची सही १८ पर्यंतच चालते. १८ झाल्यावर मुलाने प्रौढांचा वेगळा फॉर्म भरायचा, नाही भरला तर २६ व्या वाढदिवसाला सगळं पुसलं जातं. २०१५ मध्ये कायदा बदलून ही मुदत २६ पर्यंत वाढवली, तेवढा शहाणपणा केला. अठराव्या वर्षी कुठल्या पोराला लसींचा फॉर्म आठवतो? गप्प बसणं म्हणजे नकार, असं गणित मांडून ठेवलंय. त्याला मी तरी संमती म्हणणार नाही.

सही केली म्हणून काम झालं असंही समजू नका. दवाखाना तो कागद राज्याला पाठवत नाही, स्वतःच्या फायलीत ठेवतो. कर्मचाऱ्याने इमट्रॅकमध्ये जाऊन संमती मिळाल्याची खूण करायची असते. ती राहिली की कागद फायलीत आणि नोंद कचऱ्यात. नावांचा घोळ तर आपला खास. फॉर्मवर अद्वैत 'व्ही'ने आणि विम्याच्या कार्डावर 'डब्ल्यू'ने. वडिलांचं नाव एकीकडे मधलं नाव म्हणून, दुसरीकडे मुलाच्या नावाला चिकटवून. संमती एका अद्वैतची, लस दुसऱ्याची. पासपोर्टवर जसं आहे तसंच प्रत्येक कागदावर लिहा, स्पेलिंगसकट.

भारतातून आणलेल्या लसीकरणाच्या कार्डावरच्या नोंदी दवाखान्यात भरून घेताना शेजारी उभं राहा. २० मे २०२० चं बाळ, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) ३ सप्टेंबर २०२१ ला, कार्डावर ०३-०९-२०२१. दवाखान्यातली कर्मचारी ते इथल्या पद्धतीने, महिना आधी धरून, ९ मार्च वाचते. बाळ साडेनऊ महिन्यांचं ठरतं, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस इथे धरत नाहीत (४ दिवसांची सूट आहे, तेवढीच). महिना अक्षरात लिहून द्या. आपला ९ महिन्यांचा गोवर-रुबेला डोस याच कारणाने बाद होतो, त्यात गालगुंडाची लस नसते ते वेगळंच. १ एप्रिल २०१६ पासूनचे तोंडातून दिलेले पोलिओचे थेंब इथे मोजत नाहीत, इंजेक्शनचेच डोस धरतात. त्यावर डॉक्टरशी वाद घालू नका, तो बरोबर असतो.

"आमचे कोविडचे डोस तर दिसतात, म्हणजे आमची संमती आहे," असंही कोणीतरी लिहिलंय. नाही. जाहीर आपत्तीतल्या लसी विनासंमतीच ठेवतात, आपत्ती संपल्यावर ५ वर्षं, आणि मग संमती नसेल तर काढून टाकतात. तुमच्या बाकीच्या लसींशी त्याचा संबंध नाही.

सही करून नंतर मन बदललं तर? मागे घेण्याचा फॉर्म आहे, केव्हाही भरता येतो. मेसेजमध्ये हे लिहिलं असतं तर मीही अंगठा दिला असता.

त्या मुलीने शेवटी तिसरा डोस घेतला, फार्मसीत, बरोबर शेवटच्या चालणाऱ्या दिवशी. जास्तीच्या डोसाने बिघडत काही नाही, दंड दुखला दोन दिवस. त्याच खुर्चीत तिने प्रौढांचा फॉर्म मागून घेतला, दोनदा वाचला, विमा कंपनीच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि सही केली. आई शेजारीच होती. धाकटा भाऊ १७ चा आहे. त्याच्यासाठी तिची सही अजून चालते, मार्चपर्यंत.