अंतराळात आवाज नसतो, आमच्या घरी असतो

स्टॅन्ली कुब्रिकचा ‘2001: अ स्पेस ओडिसी’ हा 1968 सालचा चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना एवढेच सांगतो की, जवळजवळ अडीच तासांच्या या चित्रपटात माणसे जेमतेम चाळीस मिनिटे बोलतात. सुरुवातीची सुमारे 25 मिनिटे आणि शेवटची वीसेक मिनिटे तर कोणी तोंडच उघडत नाही. असा चित्रपट पाहताना प्रेक्षकांनीही गप्प बसावे, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. परंतु त्याने तो काढला होता 70 मिमीच्या अवाढव्य पडद्यासाठी, आमच्या बैठकीच्या खोलीसाठी नव्हे.

कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या कृपेने हा चित्रपट मी पाहिला होता, तेव्हा प्रत इतकी झिजलेली होती की, पडद्यावरचे तारे कोणते आणि रिळावरचे ओरखडे कोणते हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. त्यामुळे 2018 साली मूळ निगेटिव्हवरून नव्याने तयार केलेली त्याची फोर-के आवृत्ती डिस्कवर आल्यापासून ती घ्यावी असे मनात होते. डिस्क घेतली, ती वाजवणारा प्लेअर घेतला, आणि एका रविवारी संध्याकाळी पडदे ओढून, दिवे मालवून कुटुंबासह स्थानापन्न झालो.

चित्रपटाचा आरंभ काळ्या पडद्याने होतो. त्या काळी मोठ्या चित्रपटांच्या आधी पूर्वसंगीत वाजवीत असत आणि कुब्रिकने त्यासाठी ज्यॉर्जी लिगेती या संगीतकाराची अशी रचना निवडली आहे की, शेकडो मधमाश्या एखाद्या कोऱ्या मडक्यात कोंडल्याचा भास व्हावा. सुमारे तीन मिनिटे चित्र म्हणून काही दिसत नाही, फक्त हा घोंघावणारा अंधार. माझ्या अंगावर काटा येतो न येतो तोच आई म्हणाली, “अरे, पावसाने सिग्नल गेला वाटतं.” हा डिशचा सिग्नल नसून डिस्क आहे, असे मी सांगेपर्यंत चिरंजीव टीव्हीच्या मागे जाऊन वायर हलवू लागले होते. “अहो, आवाज येतोय म्हणजे बिघाड चित्रातच आहे, दुकानदाराला फोन लावा,” असा सौभाग्यवतींनी निर्णय दिला. तेवढ्यात, अंधारच दाखवायचा तर वीज कशाला जाळा, असा विचार खुद्द टीव्हीनेही केला आणि आपला उजेड आणखी कमी केला. हा अंधार दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर ठेवला आहे, असे मी म्हणालो तेव्हा सर्वांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी लग्नाच्या बोलणीनंतर प्रथमच पाहिली.

मग सूर्योदय झाला, रिचर्ड स्ट्राउसचे ते सुप्रसिद्ध तुतारीवादन झाले आणि वानरे आली. आमच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय आहे. ती चालू असल्यामुळे लाखो वर्षांपूर्वीची ती वानरे एखाद्या दुपारच्या मालिकेतल्या सासरच्या मंडळींसारखी लख्ख दिसू लागली. ती सोय बंद करण्यासाठी सेटिंग्जच्या सात पाताळांत उतरावे लागले. या सगळ्या काळात पडद्यावर कोणी बोलत नसल्यामुळे घरातल्यांनी ती उणीव भरून काढली. वानरांच्या वेषात माणसे आहेत की खरी वानरे, यावर वाद झाला. बिबट्याचे डोळे दिव्यासारखे का चमकतात, असे मुलाने विचारले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मागचे वाळवंट हे स्टुडिओत एका परावर्तक पडद्यावर समोरून प्रक्षेपित केलेले चित्र आहे आणि तोच प्रकाश बिबट्याच्या डोळ्यांतून परत फिरला आहे, असे मी उत्साहाने सांगू लागलो. निम्म्यात माझ्या लक्षात आले की, चित्रपटाच्या शांततेचा भंग आता मीच करतो आहे, पण थांबवेना.

वानराने फेकलेले हाड हवेत गिरक्या घेते आणि पुढच्या क्षणी त्याच्या जागी अंतराळयान दिसते. चित्रपटाच्या इतिहासातली सर्वांत मोठी कालउडी म्हणून या जागेचे वर्णन केले जाते. आई चष्मा पुसत होती. तिचा चष्मा डोळ्यांवर परत येईपर्यंत मानवजात दगडी युगातून चंद्राच्या वाटेला लागली होती.

आता पहिले वाक्य येणार होते. इतक्या दीर्घ मौनानंतर माणूस काय बोलतो, याकडे मी सर्वांचे लक्ष वेधले, बोट ओठांवर ठेवले आणि नेमक्या त्या क्षणी कुकरची शिट्टी झाली. “काय म्हणाली ती?” म्हणून मागे जाऊन पुन्हा लावले, तर दुसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा कळले की, ती लिफ्टमधली बाई असून प्रवाशाला मजला आल्याचे सांगत आहे. “एवढ्यासाठी का गॅस बंद करायला लावलात?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कुब्रिकजवळही नसावे, माणसे एवढी पुढे जाऊन अखेर असलेच काही बोलतात, हेच त्याला दाखवायचे असावे असा मला संशय आहे.

फोर-केचा एक तोटा सांगायला हवा. यानात तरंगणारे पेन हवाईसुंदरी हलकेच उचलते, तो प्रसंग पूर्वी जादूसारखा वाटे. ते पेन एका फिरत्या काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावले होते. आता चित्र इतके स्वच्छ झाले आहे की, ती बाई पेन घेत नसून सोलून काढते आहे, हे तिच्या बोटांच्या किंचित हिसक्यावरून कळते. मुलाने ते ताबडतोब पकडले. अंतराळस्थानकावरून एका शास्त्रज्ञाने आपल्या मुलीशी केलेल्या व्हिडिओ कॉलचे मात्र त्याला काहीच अप्रूप वाटले नाही. त्या कॉलचे 1 डॉलर 70 सेंट पडले, याचे वाटले. आईला वेगळाच राग आला: मुलीचा वाढदिवस, आणि बाप चंद्रावर.

हॅल हा संगणक आल्यावर घरातली बाजू पार फिरली. त्याला आवाज देणाऱ्या डग्लस रेन या नटाच्या त्या संथ, सभ्य आवाजावर सौभाग्यवती खूश झाल्या. आपली चूक होतच नाही, झाली तर ती माणसाचीच असते, असे हॅलने सांगितले तेव्हा “बरोबर बोलतोय तो,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. काचेआड कुजबुजणाऱ्या दोघा अंतराळवीरांच्या ओठांवरून त्याने आपल्याला बंद करण्याचा त्यांचा बेत ओळखला, आणि तिथेच कुब्रिकने मध्यंतर दिले आहे. पूर्ण संध्याकाळीत एकमताने मान्य झालेली ती एकच गोष्ट. चहा झाला, शंकरपाळी झाली.

उत्तरार्धात अंतराळवीर यानाबाहेर पडतो आणि बाकी सारे नि:शब्द होऊन फक्त त्याच्या श्वासाचा आवाज उरतो. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे पाळणारे चित्रपट आजही थोडेच आहेत. आई अस्वस्थ होऊन म्हणाली, “याला दमा आहे, याला कोणी पाठवलं एकट्याला?” शेवटच्या पांढऱ्या खोलीत तो म्हातारा होऊन एकटाच जेवत बसतो, तेव्हा तर तिला राहवेना: “एवढं मोठं घर, आणि वाढायला कोणी नाही!” या शेवटाचा अर्थ काय, यावर समीक्षकांनी अर्धशतक घालवले आहे. लॉस एंजेलिसच्या पहिल्या खेळातून रॉक हडसन हा नट, हे सगळे काय चालले आहे, असे विचारीत उठून गेला होता. एकाकीपणाचा हा मुद्दा मात्र मला बऱ्याच समीक्षांपेक्षा नेमका वाटला.

“मग त्या बाळाचं पुढे काय झालं?” अगदी शेवटी पडद्यावर दिसणाऱ्या बाळाबद्दल आईने विचारले. मी सांगितले की, 1984 साली पीटर हायम्सने याचा पुढचा भाग काढला, त्यात माणसे भरपूर बोलतात, पुष्कळ गोष्टींचा उलगडा करतात, आणि हॅलला पुन्हा सुरू करायला डॉ. चंद्रा नावाचा शास्त्रज्ञ जातो.

“बघ, शेवटी आपलाच माणूस लागला,” आई म्हणाली. “तीच का नाही आणलीस आधी?”

ती डिस्क मागवली आहे. त्यातला चंद्रा बॉब बालाबान नावाच्या अमेरिकन नटाने केला आहे, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.