गोल्फच्या सहलीला निघालात? मग काही विचारू नका

थायलंड, दुबई, मॉरिशस, अगदी पोर्तुगालसुद्धा. उन्हाच्या देशात गोल्फ खेळायला जायचं ठरलं असेल तर मालक, आधी एक पथ्य पाळा. कोर्सबद्दल चौकशी करायची नाही. चौकशी केली की सहलीची मजा जाते, आणि एजंटचा चेहरा उतरतो तो वेगळाच.

कोर्स निवडायचा फोटोवरून. ड्रोननं काढलेला, तिरपं ऊन, कडेला निळंशार पाणी. फोटोतलं होल अठरांपैकी एक असतं. बाकी सतरांचे फोटो का नाहीत, हे विचारणं सभ्य माणसाचं काम नव्हे.

माहितीपत्रकात 'चॅम्पियनशिप कोर्स' असं छापलेलं दिसलं की पैसे भरून टाका. लांबी सात हजार यार्डांच्या पुढं पाहिजे आणि स्लोप रेटिंग (साध्या खेळाडूला कोर्स किती जड जाईल त्याचा आकडा) १४० तरी पाहिजे. प्रमाण स्लोप ११३ धरतात, कमाल १५५. तुमचा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे तुम्हाला सवलतीच्या किती फटक्यांची गरज त्याचा आकडा, २२ असेल तर २२ गुणिले १४० भागिले ११३, म्हणजे नुसत्या स्लोपपायी २२ चे २७ होतात; कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला लागणारे फटके) आणि पार (कोर्सला नेमून दिलेले फटके) यांतला फरक त्यात आणखी मिळवायचा. पण हा हिशेब करत बसू नका. पहिला फटका जिथून मारतात त्या टींपैकी सगळ्यांत मागच्या, काळ्या टीवर सरळ जाऊन उभे राहा. पाच नंबरच्या आयर्न क्लबनं (काठीनं) चेंडू जितका लांब जातो त्या अंतराला ३६ नं गुणलं की आपल्याला झेपणारी लांबी निघते, असा एक ठोकताळा आहे. १४० यार्ड मारणाऱ्याचं उत्तर ५,०४० येतं, म्हणजे पुढच्या टीवरून खेळायला हवं. पण पुढच्या टीवरून खेळलो हे आपल्या सोलापुरात कळलं तर? त्यापेक्षा प्रत्येक पार फोरवर (चार फटक्यांच्या होलवर) दुसरा फटकाही थ्री वुड या लांब पल्ल्याच्या क्लबनं मारलेला बरा.

ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, कॅडी (बॅग सांभाळणारी मदतनीस) पटची, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या फटक्याची, रेषा दाखवेल तिकडं दुर्लक्ष करा. रोज त्याच ग्रीनवर असते म्हणून तिला गवताचा कल कळतो होय?

टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) साडेअकराचा घ्या, स्वस्त पडतो. सोलापूरकराला उन्हाचं काय? मे महिन्यात त्रेचाळीस अंशाला आपण नव्या पेठेत खरेदी करतो. फरक इतकाच की आपल्याकडं घाम वाळतो, थायलंडच्या हुआ हिनला वाळत नाही. पस्तीस अंश आणि दमट हवा. सहाव्या होलपर्यंत हातमोजा चिंब, ग्रिप हातात फिरते, क्लबचं तोंड उघडतं आणि चेंडू उजवीकडच्या तळ्यात. तीन हातमोजे नेऊन ते आळीपाळीनं बग्गीच्या (कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीच्या) दांडीवर वाळत घालणारे लोक असतात, पण ते आपल्यातले नव्हेत.

हॉटेल बँकॉकात आणि कोर्स हुआ हिनला ठेवा. दोनशे किलोमीटर तर आहे, पुण्याला जातोच की आपण. हुआ हिनच्या रेल्वे स्टेशनला लागून १९२४ सालचा रॉयल हुआ हिन कोर्स आहे, पण जुनं ते पॅकेजमध्ये कोण घालतं!

मॉरिशसला जुलै-ऑगस्टातच जा. पूर्व किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा तेव्हा ऐन जोरात असतो. इल ओ सर्फ बेटावर जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरनं आखलेला कोर्स आहे, तिथं होडीनं जायचं आणि पाण्यावरून फटके मारायचे. चेंडू भरपूर न्या.

आता मुख्य गोष्ट. ग्रीन्सना भोकं कधी पाडलीत, हे मुळीच विचारू नका. गरम प्रदेशातल्या ग्रीन्सवर बहुधा बर्म्युडा नाहीतर पॅस्पॅलम गवत असतं. पायांखाली माती दबते, मुळांपर्यंत हवा जात नाही, पाणी मुरत नाही. म्हणून पोकळ सळ्यांचं मशीन फिरवून करंगळीएवढी भोकं पाडतात, तीन-चार इंच खोल, दर दोन इंचांवर एक. निघालेल्या मातीच्या गुंडाळ्या गोळा करतात, वर वाळू पसरतात आणि ब्रशनं भोकांत ढकलतात. गवत जोमात वाढत असतं तेव्हाच हे काम काढतात, कारण भोकं तेव्हाच भरून येतात. म्हणजे तिकडचा उन्हाळा-पावसाळा. म्हणजे ऑफ सीझन. म्हणजे बरोब्बर तुमचं 'खास सवलतीचं' पॅकेज!

भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गवत जरा उंच ठेवतात, त्यामुळं ग्रीन संथ. पट मारला की चेंडू टुणटुण उडतो. तीन फुटांचा पट एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. चेंडूला वाळू चिकटलेली. खुणेचा मार्कर ठेवा, चेंडू उचला, पुसा, ठेवा, मारा, परत टुणटुण. अठराच्या अठरा ग्रीन्स तशाच, आणि फोन केला की उत्तर काय? 'सर, थोडं मेंटेनन्स चालू आहे.' थोडं? या तारखा क्लबनं महिनोन्महिने आधी ठरवलेल्या असतात, पुष्कळ ठिकाणी वेबसाइटवर लावलेल्या असतात. कोर्सवाल्यांचा यात काही दोष नाही, भोकं पाडली नाहीत तर ग्रीनच कुजेल. पण तुम्हाला त्याच आठवड्यात पाठवून पूर्ण पैसे घेणाऱ्याला वेबसाइट उघडून बघता येत नव्हती का?

दुबईची तऱ्हा आणखी वेगळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात बऱ्याच कोर्सवर थंडीसाठी राय गवत पेरतात. दिवसातून अनेकदा पाणी, फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा) भिजलेला, बग्गी फक्त सिमेंटच्या वाटेवर. चेंडू पलीकडच्या कडेला गेला की तीन क्लब उचलून चालत जायचं आणि हवा असलेला चौथा बॅगेतच राहिलेला असतो. (नळाला पाणी कधी येणार म्हणून पहाटे उठून बसणाऱ्या आपल्या गावानं त्या भिजलेल्या गवताकडं बघून काय म्हणावं, ते जाऊ द्या.)

आणि हे सगळं चालतं ते आपल्यामुळंच. मंगळवेढ्याची मालदांडी घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन, फुंकून, दाताखाली फोडून बघणारी माणसं आपण. तीच माणसं लाखाच्या वर पैसे मोजताना हॉटेलात नाश्ता आहे का एवढं विचारतात आणि गप्प बसतात! परत आल्यावर मग पार्क चौकात उभं राहून शिव्या घालायच्या. कुणाला? कोर्सचं नाव तरी आधी वाचलं होतं का? शेवटचं एरेशन (म्हणजे तेच भोकं पाडणं) कुठल्या तारखेला झालं, पुढचं कधी, राय कधी पेरणार, ग्रीन फीमध्ये (कोर्सवर खेळायच्या पैशांत) कॅडी आणि बग्गी धरलीय का. चार ओळींचा ईमेल आहे, तो थेट कोर्सच्या बुकिंग ऑफिसला धाडा आणि उत्तर लेखी घ्या. तोवर एक रुपया आगाऊ देऊ नका. आणि एजंट 'काही काळजी करू नका, सर' म्हणाला, की उठा तिथून.