कात्री, कागद आणि आमचा घरचा ग्रुप

भाच्याच्या शाळेने सातवीच्या चित्रकलेच्या तासाला हाताने काढलेलं आणि कागद कापून केलेलं ॲनिमेशन शिकवायचं ठरवलं, तर पालकांनी लगेच मुख्याध्यापकांना पत्र दिलं. म्हणे तो वेळ चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीला द्या, दहावीला वाढीव गुण मिळतात. आणि ॲनिमेशनच शिकवायचं असेल तर सॉफ्टवेअर शिकवा, एआय शिकवा; कात्री-कागद बालवाडीत झालं. वहिनीने पत्राचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली दादाचा अंगठा. माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

बालवाडीत? माझा लेक इथे जर्मनीत पाचवीत आहे. कुन्स्टच्या, म्हणजे चित्रकलेच्या, तासाला त्यांनी पुठ्ठ्याचा माणूस कापला, सांध्यांना पितळी पिना लावल्या, टेबलावर फोन उलटा टांगला, आणि माणसाला जरा जरा हलवत एकेक फोटो काढला. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो लागतात. पहिल्या वेळी सगळ्यांची माणसं बर्फावरून घसरल्यासारखी सरकली, कारण प्रत्येक फोटोला पोरांनी त्यांना सारखंच अंतर हलवलं होतं. मग शिक्षकांनी वर्गाला बाहेर नेऊन झोका बघायला लावला. दोन्ही टोकांना तो रेंगाळतो, मधे सुसाट जातो. म्हणजे टोकाशी कागद केसभर हलवायचा, मधे अंगठाभर. त्वरण हा शब्द त्या पोरांनी अजून ऐकलेला नाही, पण तो त्यांच्या बोटांत बसलाय.

चित्र काढून करताना पुन्हा वेगळी गंमत. खिडकीच्या काचेवर कागद धरला की खालचं चित्र दिसतं, दोन चित्रांच्या मधलं तिसरं नंतरही घालता येतं. कापलेल्या कागदाला ही सोय नाही. हात एकदा हलवला की आधीची जागा गेली. त्यामुळे हलवण्याआधी ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर मधली चित्रं स्वतःच भरतं. मग ती कुठे दाट हवीत आणि कुठे विरळ, हा प्रश्न पोराला पडणार कधी? एआयला सांगायचं तरी काय, हे कळायला आधी पाऊल कसं पडतं ते माहीत नको?

आमच्या ट्युबिंगनच्या श्टाड्टम्युझियममध्ये, म्हणजे शहराच्या संग्रहालयात, कागद कापून ॲनिमेशन करणाऱ्या लोट्टे रायनिगर यांच्या आकृत्या ठेवल्या आहेत. काळा पुठ्ठा, शिशाचा पातळ पत्रा, सांध्यांना तार. खालून उजेड टाकलेल्या काचेच्या टेबलावर त्या हलवत, वर लावलेल्या कॅमेऱ्याने टिपत, या बाईंनी १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला. त्याला सुमारे तीन वर्षं लागली. त्यांच्या कात्रीला इथे कुणी बालवाडी म्हणत नाही, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. (चौथीनंतर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, मिळावी म्हणून इथले आईबाप काय काय करतात, ते लिहिलं नाही. शिक्षक नाहीत म्हणून तास रद्द झाल्याचे मेसेज येतात, तेही नाही.)

आणि हे परक्यांचं खूळ थोडंच आहे? फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ते इवलंसं रोप भराभर वाढताना बघूनच पैसेवाल्याचा विश्वास बसला, आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरत गोष्ट सांगतात, पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एल्टर्नआबेंडला, म्हणजे इथल्या पालकसभेला, मी हे सगळं शिक्षकांना ऐकवलं. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं. विचारलं कुणीच नव्हतं. खरं सांगायचं तर पिंगुळीचं नावही मी इथे आल्यावर वाचलं. तिथे होते तेव्हा मीही इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात सावल्याच घोटत होते.

दादाने एका ओळीत उत्तर दिलं: “तुझं बरं आहे, तुझ्या पोराला दहावी नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. फाळके कॅमेऱ्याची विद्या शिकायला लंडनला गेले आणि काही आठवड्यांत परत आले. मी शिकायला आले ती राहिलेच. रायनिगर बर्लिनच्या, तीसच्या दशकात देश सोडलेल्या, पुढे ब्रिटिश नागरिक झालेल्या. आयुष्याच्या अगदी शेवटी त्या इथे जवळच्या डेटेनहाउझेनला राहिल्या, आणि एवढ्यावर ट्युबिंगनने त्यांना घरचं करून टाकलं. संग्रहालयातल्या त्या काचेसमोर मी उभी राहते ते काही दर वेळी कागदकामासाठी नाही. ज्या ग्रुपचं नावच ‘आपलं घर’ आहे, तिथे मी ‘तिकडची’.

भाच्याचा मात्र परवा वेगळा फोन आला. “आत्या, माझा माणूस लंगडतो.” त्याला म्हटलं, टेकलेलं पाऊल पुढच्या फोटोत जागेवरून सरकू देऊ नकोस, आधी त्याच्या जागेवर, खालच्या कागदावर पेन्सिलची खूण कर. पडदे ओढून घे, फोनचं एक्स्पोजर लॉक कर, पांढरा शर्ट घालू नकोस, त्याचा उजेड कागदावर पडतो. अर्धा तास बोललो.

शाळेच्या बाजूनेही एक पत्र निघतंय म्हणे. मी वहिनीला लिहिलं, माझं नाव घाला. तिने कळवलं, सह्या फक्त पालकांच्याच घेताहेत.